लेबल लावलेले पापड

पापड लाटायला बसलं की हात गुंततात आणि तोंड मोकळं राहतं. आमच्या मुरबाडजवळच्या वैशाखरे गावच्या बचत गटात तर डझनभर तोंडं! त्यामुळे एवढ्या वर्षांत पापड किती लाटले ते सांगता यायचं नाही, पण किस्से आहेत की अजून उतू चाललेत. मी गटात दहावी पास, म्हणून लेबलाचं खातं माझ्याकडे. बहुतेक भानगडी तिथेच झाल्या.

सुरुवात शहापूरच्या शेठपासून. आमची अध्यक्ष सुनंदा, तिच्याबरोबर मी नाचणीच्या पापडांची पिशवी घेऊन त्यांच्या मोठ्या दुकानात गेले. साधी प्लास्टिकची पाकिटं, तोंड मेणबत्तीवर धरून चिकटवलेली. शेठनी एक पापड तोडून चावला, छान म्हणाले आणि पिशवी परत दिली. आता असं चालत नाही म्हणाले. समोर वजन हवं, किंमत हवी, तारीख हवी, शाकाहारी असल्याचा हिरवा ठिपका हवा, आत काय काय घातलंय ते हवं. वर हळूच सांगितलं, "वाईट नका वाटून घेऊ, पण फळीवर ठेवलं की हे घरगुती दिसतं."

सुनंदाला ते लागलं. एसटीत मुरबाड येईपर्यंत पिशवीतली पाकिटं उलटसुलट करून बघत होती. उतरताना म्हणाली, "कंपनीच्या पाकिटाच्या बाजूला आपलं ठेवलं ना, तर ओळखू नाय आलं पायजे. बाजारातलंच वाटलं पायजे." त्या दिवसापासून तिला तो एकच ध्यास लागला.

तर पहिलं लेबल. मुरबाडच्या प्रेसवाल्याकडे एकाच रंगात छापणं परवडत होतं, काळ्या. हिरवा ठिपका आणायचा कुठून? सुनंदा बाजारात गेली आणि हिरव्या टिकल्यांची पाकिटं घेऊन आली! आम्ही दुपारभर बसून स्केचपेनने चौकोन काढले आणि प्रत्येकात एकेक टिकली चिकटवली. इतकी सुबक दिसत होती पाकिटं की आम्हीच बघत बसलो.

आठवड्याभराने शेठचा निरोप आला, येऊन जा. गेलो तर फळीवरची निम्मी पाकिटं बोडकी. दुकानात येणाऱ्या बायका रंग बघून टिकल्या काढून घेत होत्या. एकीने तर पापड परत ठेवले आणि टिकली लावून गेली. शेठ हात जोडून म्हणाले, "ताई, तुमचे पापड शाकाहारी आहेत हे आता मी गिऱ्हाइकाच्या कपाळाकडे बघून सांगायचं का?"

पुढच्या खेपेला पदरमोड करून दोन रंगांत छापलं.

आत काय घातलंय ते लिहायची वेळ आली तेव्हा हौसाकाकी मध्ये पडल्या. काकी आमच्यात सगळ्यात वडील. पीठ त्यांनीच मळायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. नियम असा की जे वजनाने जास्त ते आधी लिहायचं. म्हणजे नाचणी पहिली आणि हिंग शेवटी. काकींना हे काही केल्या पटेना. एवढा महागाचा हिंग आणि त्याला मिठाच्याही मागे बसवायचा? मी नियम सांगितला, शेठचं नाव सांगितलं. काकी म्हणाल्या, "लग्नाच्या पत्रिकेत नावं घालतात ती मान बघून का वजन बघून?"

 नाचणीच पहिली छापली, पण काकी दोन दिवस माझ्याकडे पाठ करून पीठ मळत होत्या.

मग आलं 'सहा महिन्यांच्या आत वापरावे'. हे वाचून दाखवल्यावर तर काकींनी पिठातून हातच काढून घेतला. सहा महिन्यांत नासतो तो पापड कसला? आपण होऊन आपल्याच मालाची बदनामी छापायची? "माझी सासू गेली, त्याच्यावर दोन वर्सं तिच्या हातचं पापड खाल्लं आमी," त्या म्हणाल्या.

कशीबशी समजूत घातली. त्यानंतर शहापूरला तालुक्याचं प्रदर्शन भरलं, तिथे काकींना स्टॉलवर बसवलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला पाकीट देताना काकी तारखेवर बोट ठेवून सांगायच्या, हे सरकारसाठी लिहिलंय, तुम्ही लक्ष नका देऊ. असं त्यांनी ज्यांना अगदी मन लावून समजावलं, ते नेमके अन्न खात्याचे साहेब निघाले!  साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, दोन पाकिटं विकत घेतली आणि म्हणाले, "आजी, माझी आई पण हेच सांगते. पण छापणं सोडू नका हं."

पुढे नवीन नियम आला, पाकिटावर पोषणाचा तक्ता हवा. शंभर ग्रॅममध्ये ताकद किती, प्रथिनं किती, चरबी किती. त्यासाठी पापड ठाण्याला लॅबमध्ये तपासायला न्यायचे होते. मी नेणार होते. काकींनी सकाळीच डबा बांधून तयार ठेवला होता, फडक्यात, वर गाठ मारून. मी न उघडता घेऊन गेले.

लॅबमधल्या सरांनी गाठ सोडली. आत तळलेले पापड! बाजूला लसणाची चटणी, वर कांदा चिरून. सर एकदा डब्याकडे बघत होते, एकदा माझ्याकडे. म्हणाले, ह्यातली चरबी मोजली तर तुमचे पापड कुणी घेणार नाही. मी शरमेने लाल झाले. घरी येऊन काकींना विचारलं तर त्या माझ्यावरच उखडल्या. "ठाण्याचा मानूस, आपला माल पयल्यांदा बघनार. त्याच्या म्होरं कच्चा पापड ठेवाचा व्हय?"

दुसऱ्यांदा कच्चे घेऊन गेले. सरांनी घेतले आणि विचारलं, "चटणी नाही आणली?"

तक्ता आला तो मी सगळ्यांसमोर वाचला. चरबी नावापुरती, कॅल्शियम मात्र भरपूर. नाचणी म्हणजे गरिबाचं खाणं, असंच आम्ही ऐकत आलो होतो. मी स्वतः शाळेत नाचणीची भाकरी ओढणीखाली लपवून खाल्लीय. वाचून झाल्यावर तक्ता हातोहात फिरला. मग काकीच म्हणाल्या, "एवढं व्हतं हिच्यात? आमाला कुनी सांगलंच नाय गो." खरं सांगते, त्या दिवशी माझी मान जी ताठ झाली ती अजून तशीच आहे.

आता हा किस्सा सुनंदाच्या लेकीच्या, कविताच्या लग्नातला. मुलगा खर्डीचा. रुखवत आम्ही गटातल्या बायकांनी मांडलं, लाडू, करंज्या, कुरडया, सगळं घरी केलेलं. रुखवताची रीतच ती, नवरीच्या घरच्या बायकांचा हात त्यात दिसायला हवा. मधोमध सुनंदाने आमच्या पापडांची नवी पाकिटं उभी केली.

नवऱ्यामुलाची आत्या रुखवत बघायला आली. चष्मा लावून एक पाकीट उचललं. समोरून बघितलं, उलटवून बघितलं, हिरवा ठिपका, तारीख, तक्ता, सगळं. मग मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "विहीणबाई, रुखवतात विकतचं मांडलंत? पोरीसाठी चार पापड लाटायला पन टाइम नाय मिळाला?"

 नवरीच्या आईला मांडवात याहून लागणारं कुणी काय बोलणार? कविताच्या डोळ्यांत पाणी आलं. हौसाकाकी कंबरेला पदर खोचून पुढे निघाल्या, त्यांना मी दंडाला धरून थांबवलं.

सुनंदा आली. आत्याबाईंच्या हातातलं पाकीट घेतलं, त्याच्याकडे बघत राहिली. मग आमच्याकडे वळली. तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"ऐकलात काय गो?" ती म्हणाली. "विकतचं वाटलं त्यांना."

आणि भर मांडवात ती आत्याबाईंच्या पाया पडली.