छायाचे दोन शब्द

छायाबद्दल चांगलं बोलणारी माणसं हॅलिफॅक्समध्ये पैशाला पासरी मिळतील. मी त्यांतली नाही. मला तिचा हेवा वाटतो आणि गेली वीस-पंचवीस वर्षं वाटत आलाय, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी तिच्याबद्दल काही बरं बोलले, तर ते नक्की खरं समजावं.

तसं पाहिलं तर तिच्यात हेवा करण्यासारखं आहे काय? मूळची इस्लामपूरची. संजयशी लग्न होऊन इथे कॅनडात आली, तो जहाजांच्या गोदीत वेल्डर होता. आम्ही तिच्या खूप आधी आलेलो. माझे यजमान गुरुदत्त युनिव्हर्सिटीत केमिस्ट्री शिकवायचे, आमच्या दिवाणखान्यातून बंदर दिसतं, मुलगा शुभंकर कॅलगरीला हाडांचा सर्जन आहे. छाया बंदरापलीकडच्या डार्टमथच्या मॉलमध्ये लोकांच्या पँटी आखूड करून देते. संजय अचानक गेला तेव्हा तिचा नंदन शाळेत होता. असं सगळं असूनही मराठी मंडळाच्या कार्यक्रमात पहिला प्रश्न कुठला, तर "छायाताई आल्या का?" कॉलेजात शिकायला आलेली नवी पोरं माझ्या पुरणपोळ्या हादडतात आणि रेसिपी विचारतात तिला, तीही पिठल्याची! पिठल्याला कसली आलीय रेसिपी?

आणि नंदन. खरं दुखणं तिथे आहे.

नंदन कॉलेजात असताना रिझर्व्हमध्ये, म्हणजे राखीव सैन्यात, भरती झाला आणि २०१० साली अफगाणिस्तानात कंदाहारला गेला. रसद नेणारे ट्रक चालवायचं काम. एका सकाळी पुढच्या गाडीच्या चाकोरीतूनच जायचं सोडून त्याने खड्डा चुकवायला ट्रक जरा बाजूला घेतला, आणि खाली सुरुंग होता. शेजारी बसलेला मित्र जागच्या जागी गेला. नंदनचा एक कान तेवढा गेला. परत आल्यापासून तो आईच्या बेसमेंटमध्ये राहतो, गाडी चालवत नाही, फारसं बोलत नाही. घरात आवाज म्हणून कसला तो नाही. पण सकाळी उठून आईच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करतो, फेरीबोटीतून उतरताना तिच्या हातातली ग्रोसरीची पिशवी काढून घेतो, तिच्या उजव्या बाजूने चालतो म्हणजे चांगल्या कानाने तिचं ऐकू येईल. मोडलेला मुलगा, पण तिच्या बाजूने चालणारा. माझा धडधाकट मुलगा पाच तासांच्या विमानावर आहे आणि तीन वर्षं झाली, आलेला नाही. असल्या गोष्टीचा हेवा करू नये हे मला कळतं. कळलं म्हणून वाटायचा थांबत नाही.

२०१८च्या संक्रांतीला मंडळाने टॅनरसाहेबांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलवायचं ठरवलं. हे आमचे जुने खासदार. आता निवृत्त झालेले, काठी घेऊन चालणारे, उंचेपुरे गृहस्थ. कुणाचे आईवडील व्हिसासाठी अडकले की पत्र द्यायचे, हॉल मिळवून द्यायचे. त्यांचं आपण काहीतरी करायला हवं, असं गुरुदत्तांनीच सुचवलं. आणि आपण करतो म्हणजे काय करतो? फेटा, शाल, श्रीफळ. जगाच्या पाठीवर कुठेही चार मराठी माणसं जमली की पाचवा प्रमुख पाहुणा लागतो.

सत्कार दरवर्षी माझ्या हातून होतो. शाल मी पुण्याहून आणते, मीच पांघरते, आणि पांघरायच्या आधी रीतीप्रमाणे पाहुण्यांविषयी दोन शब्द बोलते. पण या वर्षी अध्यक्ष झाली उत्कर्षा, कालची पोरगी, अजून पीआरचे, इथे कायम राहायचे, कागद यायचेत तिचे. ती मला म्हणाली, "काकू, धिस इयर छायाताईंच्या हस्ते करूया का? नंदनदादा व्हेटरन आहे ना, सो इट विल बी सो मीनिंगफुल." मी म्हटलं, "कर की!" आणि घरी येऊन शाल चुरगळेल अशी कपाटात टाकली.

आदल्या शनिवारी छाया माझ्याकडे तिळाचे लाडू करायला आली. गुळाचा पाक तिला बरोबर जमतो, माझ्या लाडवांनी खिळे ठोकता येतील. पाक ढवळताना ती म्हणाली, "वीणाताई, सत्कार मला करायला सांगितलाय. तुम्हाला चालेल ना?"

"न चालायला काय झालं?"

"दोन शब्द बोलताना मी साहेबांना एक विचारणार आहे. त्यांनी वॉरसाठी व्होट केलं होतं ना? ते चुकलं असं त्यांना आता वाटतं का, एवढंच."

मी गॅस बारीक केला. २००८ साली कंदाहारमधलं सैन्य २०११पर्यंत तिथेच ठेवायचं की नाही, यावर ओटावाला पार्लमेंटमध्ये मतदान झालं होतं. तिथे एकेक सभासद जागेवर उठून उभा राहतो आणि त्याचं नाव पुकारतात. टॅनरसाहेब 'हो' म्हणणाऱ्यांत उभे राहिले होते. आम्ही सगळे ते कधीच विसरलो होतो. छाया सोडली तर कुणाचा मुलगा गेला होता तिथे आमच्यापैकी?

गुरुदत्त चहा घ्यायला आत आले होते, ते एकदम म्हणाले, "अगं छाया, सत्काराला बोलावलेल्या माणसाला असं विचारतात का? आणि राजकारण्यांनी कबूल करूही नये. उद्या ते म्हणाले, चुकलं, तर ज्यांची मुलं तिथून परत आलीच नाहीत त्या आयांनी काय समजायचं? मुलगा चुकीपायी गेला असं? त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं."

"त्या आयांचं मला नाही सांगता येणार," छाया म्हणाली. "माझा परत आलाय. आणि त्याला वाटतं, चूक त्या खड्ड्यापाशी झाली, त्याच्या हातून झाली. किती वर्षं तेच एक धरून बसलाय. कुणी मोठ्या माणसानं त्याच्यासमोर म्हटलं, की बाबा, पहिली चूक तिकडे ओटावात झाली, माझ्या हातून झाली, तर त्याच्या डोक्यावरचं ओझं जरा हलेल. मला माफी नकोय. नंदननं ऐकायला हवंय, बस."

ती हे सांगत होती आणि तिकडे लाडू वळत होती, एकसारखे गोल. ती गेल्यावर गुरुदत्त हसले. "ऐन वेळी तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही," म्हणाले. मलाही तसंच वाटलं. खरं सांगायचं तर मला तसंच व्हायला हवं होतं. स्टेजवर तत पप झालं असतं, मग मी हळूच पुढे होऊन शाल हातात घेतली असती. या वयातही माणूस काय काय मनात आणतं!

कार्यक्रम चर्चच्या हॉलमध्ये, दुपारचा. बाहेर बर्फाचा चिखल, आत काळ्या साड्या. चिराग नावाच्या विद्यार्थ्याने टॅनरसाहेबांना केशरी फेटा बांधला आणि सगळ्यांनी फोटो काढून घेतले. नंदन मागे भिंतीशी बसला होता. खुर्च्या उचलायला लागतील असं सांगून आईने त्याला आणलं होतं. मी पहिल्या रांगेत, नवी काळी पैठणी नेसून, हात रिकामे ठेवून.

उत्कर्षाने नाव पुकारलं. छाया माझी शाल हातावर घेऊन उभी राहिली. तत पप झालं नाही. तिने तिच्या त्या डार्टमथ-इस्लामपूर इंग्लिशमध्ये आधी पत्रांबद्दल आभार मानले आणि मग म्हणाली, "सर, माय सन इज सिटिंग देअर. ही वॉज इन कंदाहार. यू व्होटेड यस. नाऊ यू थिंक इट वॉज मिस्टेक?"

हॉलमध्ये लहान मुलं तेवढी बोलत राहिली. गुरुदत्तांनी कपाळाला हात लावला.

टॅनरसाहेब फेट्यासकट उठून उभे राहिले. काठीवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाले, "यस, मॅम. इट वॉज." मग थांबून थांबून बोलत गेले. आजवर आपल्याला हे कुणी असं तोंडावर विचारलं नव्हतं, म्हणाले. तिथलं युद्ध आपल्याला समजलं नव्हतं, पक्ष उभा राहिला म्हणून आपण उभे राहिलो. २००९च्या फॉलमध्ये, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास, कमिटीबरोबर तिकडे जाऊन आलो, तेव्हाच कळून चुकलं की मत चुकलं. पण बोललो नाही. तिथल्या मुलांचा धीर खचेल असं वाटलं, आणि निवडणूकही येऊ घातली होती, तेही खरंच आहे.

असं बोलणारा राजकारणी आमच्यापैकी कुणी पाहिला होता? लोक टाळ्या वाजवायला लागले. कबूल करूच नये म्हणणारे गुरुदत्त सगळ्यांत जोरात. "याला म्हणतात मोठेपणा!" ते माझ्या कानात म्हणाले. मीही वाजवल्या. आणि मनात आलं, मिळालं हिला हेही! एक प्रश्न विचारला आणि आख्खा खासदार वितळला. मी इतकी वर्षं शाली पांघरल्या, मला कुणी 'यस मॅम' म्हटलं नाही.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नंदन उभा होता, आणि त्याने चांगला कान स्टेजकडे केला होता.

"व्हेन? व्हेन डिड यू नो?"

"फॉल ऑफ ट्वेंटी-नाइन... टू थाउजंड नाइन," साहेब अडखळले.

"आय वेंट इन मे. द नेक्स्ट मे."

टाळ्या विरल्या. नंदन मधल्या वाटेने पुढे येत होता. त्या मुलाचा आवाज कसा आहे हेच आम्ही विसरून गेलो होतो. "यू न्यू! यू न्यू, अँड यू लेट अस गो! एट इयर्स मी त्या खड्ड्यात... एट इयर्स! अँड यू न्यू बिफोर आय इव्हन पॅक्ड माय बॅग!"

"आय ॲम सॉरी, सन."

"डोन्ट कॉल मी सन!"

भिंती हादरतील असा ओरडला. टॅनरसाहेबांनी फेटा डोक्यावरून उतरवला आणि दोन्ही हातांत धरून उभे राहिले.   कबूल करणं चांगलंच, पण वेळेत केलं असतं तर हा पोरगा घरी राहिला असता.  छायाने शाल टेबलावर ठेवली, पांघरली नाही. उत्कर्षा माइकवर घाईघाईने म्हणाली, "चहा तयार आहे."

छाया आता रडणार, असं धरून मी तिच्याकडे गेले. मला वाटलं, निदान सांत्वन तरी माझ्या वाट्याला येईल. तर बाईचा चेहरा फुललेला! तिने माझा दंड धरला. "ओरडला, ताई. ऐकलंत ना? इतकी वर्षं नुसता स्वतःला खात होता. आज दुसऱ्या कुणावर तरी ओरडला."

त्यांना आम्हीच गाडीतून सोडायला निघालो. गुरुदत्त चालवत होते, मी पुढे, मायलेक मागे. डार्टमथच्या पुलावर गाडी चढली. मग नंदन आईवर उसळला. अर्धं मराठीत, अर्धं इंग्लिशमध्ये. "तू मला सांगितलं का नाहीस, तू विचारणार आहेस ते? खुर्च्या उचलायला चल म्हणालीस! आणि तेव्हा, तेव्हा का नाही बोललीस? एकदा तरी म्हणायचंस, नको जाऊ. व्हाय डिडन्ट यू स्टॉप मी, आई?"

मला वाटलं, आता छाया म्हणेल, तू ऐकलं असतंस का? मीही तेच म्हटलं असतं. कुठलीही आई तेच म्हणेल.

"चुकलं रे माझं," छाया म्हणाली. तिने क्षणाचाही वेळ घेतला नाही. "मी अडवायला हवं होतं. तू युनिफॉर्ममध्ये छान दिसत होतास. मैत्रिणींना फोटो दाखवत हिंडले. चुकलं माझं."

"यू शुड हॅव!" तो ओरडला. मग आवाज फुटला. मी आरशात पाहिलं. एवढा मोठा बाप्या आईच्या कोटात तोंड खुपसून, रडत तिच्यावर ओरडत होता, आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत प्रत्येक वाक्याला "हो रे," "हो रे" म्हणत होती.

गुरुदत्तांना असलं काही सोसत नाही. त्यांनी रेडिओ लावायला हात पुढे केला.

मी त्यांचा हात धरला. शुभंकर माझ्याशी फार सभ्यपणे बोलतो. एकदाही आवाज चढवलेला नाही, की कधी कशाचा जाब विचारलेला नाही. मागच्या सीटवरच्या त्या बाईचा इतका हेवा मला गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कधी वाटला नव्हता.

"राहू द्या हो," मी म्हटलं. "मला ऐकायचंय."