वंदनाच्या चुका

केसाएवढा बारीक काचेचा तंतू हातात घेतला की वंदना आधी श्वास रोखायची. मग ब्लेडच्या एका ओढीत त्यावरचं आवरण अलगद निघून यायचं. माझे तंतू मोडायचे. "हात ढिला सोड ना गं. तू तर भांडून राह्यली त्याच्याशी," ती म्हणायची.

जालन्याच्या कॉलेजात आम्ही दोघी एकाच सरांकडे पीएच.डी. करत होतो. मी कुंभार पिंपळगावच्या बागायतदाराची मुलगी, एम.एस्सी.ला पहिली आलेली. तिचे वडील अंकुशनगरला उसाच्या कामावर. आमचं काम असं: सोललेल्या तंतूवर केसाहून हजारपट पातळ असा सोन्याचा थर द्यायचा, तो भाग द्रवात बुडवायचा आणि तंतूतून प्रकाश सोडायचा. पलीकडे निघालेल्या प्रकाशात एक रंग नेमका कमी पडतो, आलेखावर तिथे खळगा दिसतो. द्रव बदलला की खळगा सरकतो. त्यावरून वंदना उसाच्या रसातली साखर ओळखायची. तिचा खळगा खोल, देखणा, माझा उथळ. सर तिचा आलेख सगळ्यांना दाखवायचे, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत बसायची.

एप्रिलमध्ये तिचे दुपारचे आकडे चुकू लागले. रस तापला की खळगा सरकतो आणि साखर उगीच कमी दिसते. मला ते आठवडाभर आधीच कळलं होतं. मी गप्प राहिले. वर्षाच्या आढाव्याला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यांसमोर तिला विचारलं, "रसाचं तापमान मोजलंत का?"

"न्हाई सर. माझं चुकलं," वंदना म्हणाली.

संध्याकाळी नळावर हात धुताना तिने मला विचारलं, "तुला ठाऊक व्हतं ना?"

मी मान डोलावली.

"मंग आजपासून माझा आलेख आधी तू बघायचा. तुझ्या नजरेतून काही सुटत न्हाई बिलकुल."

ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

पुढे वर्षभर मी तिच्या चुका हावरटासारख्या शोधल्या. एक सापडली की जीव सुखावायचा. ती दुरुस्त करून आणायची, मी दुसरी शोधायची. शेवटी तिच्या तोंडी परीक्षेत परीक्षकांना विचारायला काही उरलंच नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, सगळ्यांत शेवटी.

गेल्या जूनमध्ये ती नोकरीसाठी बंगळुरूला निघाली. स्टेशनवर तिचे वडील गाडीच्या डब्यात सामान लावत होते. दारात उभी राहून ती म्हणाली, "तिथं माझ्या चुका कोण काढीन गं?"

मी हसले. गाडी हलली. तिथे तिच्या शेजारच्या टेबलावर कुणीतरी बसेल, त्याच्यापुढे आलेख सरकवून ती म्हणेल, "बघ बरं." त्या न पाहिलेल्या माणसाचा मला फार हेवा वाटला.