सेटमधला सहावा कप

काकू पिक्चर बघताना रडायच्या. मुलगी बंगल्यातली, मुलगा गॅरेजवाल्याचा, जात वेगळी, भाषा वेगळी, दोघं कॉलेजात नुकतीच गेलेली. मुलीचा बाप त्याला गेटबाहेर ढकलतो, तिथं काकूंचा पदर डोळ्यांना लागलाच. "काय मेला राक्षस बाप! पोरांच्या जिवाशी खेळतोय." मी दारापाशी लादीवर बसून मोगऱ्याच्या कळ्या निवडत बघायचे. सोफ्यावर बस असं कुणी म्हटलं नाही, मलाही कधी सुचलं नाही.

नांदेडकडून वटार गावच्या त्यांच्या फुलांच्या वाडीत कामाला आले तेव्हा मी सतरा वर्षांची. शाळा आठवीतच सुटलेली. काकूंनी मागची खोली दिली. डेंग्यू झाला तेव्हा आठ दिवस उशाशी बसून पेज पाजली. ते मी विसरले नाही, विसरणारही नाही. म्हणूनच सारखी धास्ती असायची, या घरानं काढलं तर जायचं कुठं?

त्यांचा मुलगा बारावीला होता. सकाळी सोनचाफा उतरवायला यायचा. तो आकडीनं फांदी वाकवायचा, मी देठासकट फूल खुडायचे.

"तुमच्याकडे चाफा नसतो का गं?"

"असतो की. पण मालक फांदी धरत नाही."

तो हसायचा. एकदा म्हणाला, "आपला पण तसलाच पिक्चर आहे." त्या दिवशी मी पाणी भरायला गेले नि कळशी विहिरीवरच विसरून आले.

माझा चहा मागच्या दाराच्या कट्ट्यावर स्टीलच्या पेल्यात मिळायचा. पिऊन झाला की पेला धुवायचा नि तिथंच पालथा घालायचा. त्या आठवड्यात तो चाफ्याखाली दोन कप घेऊन आला. काकूंच्या माहेरचा निळ्या फुलांचा सहा कपांचा सेट होता, त्यातले. "पी गं, काय होतंय!" मी प्यायले. मागं काकू उभ्या होत्या. "फुलं कोमेजतील, आवरा," एवढंच बोलल्या.

दुपारीच कपडे पिशवीत भरून ठेवले.

संध्याकाळी काकूंनी हाक मारली. तो झोपाळ्यावर मोबाइल बघत होता. काकूंनी तो कप पेपरात गुंडाळून माझ्या हातात दिला. "हा तुलाच ठेव. आवडला ना?"

मला रडूच फुटलं. मी त्यांच्या पाया पडले. तो मान वर न करता म्हणाला, "घे ना, आई एवढ्या प्रेमानं देतेय." पिशवीतले कपडे परत काढून ठेवले. "कप इथंच असू दे, चहाला लागेल," असं म्हणून काकूंनी तो ठेवून घेतला.

सकाळी मागच्या कट्ट्यावर पेला नव्हता. तिथं माझा कप होता, चहानं भरलेला. आत कपाटात पाच उरले होते. तो आकडी घेऊन बाजूनं गेला. कपाकडे बघितलं. "चल, उशीर होतोय." बस. पुढं चाफ्याखाली आम्ही फक्त फुलांचं बोलायचो.

दीड वर्ष त्याच कपात चहा घेतला. मग बोळिंजला पोळीभाजी केंद्रात काम मिळालं. निघताना काकूंनी साडी दिली, केळ्यांची फणी दिली, फाटकापर्यंत आल्या.

"अगं, तुझा कप राहिला कट्ट्यावर."

"राहू दे काकू," मी म्हटलं. "पुढच्या बाईला होईल."