अँटेनाचं तोंड अकोल्याकडे

आमच्या छतावर एक बांबू आहे, बांबूला एक अँटेना आहे, आणि त्या अँटेनाचं तोंड अकोल्याकडे आहे. यातली शेवटची गोष्ट माझ्या संमतीने झालेली नाही.

आमचं गाव दर्यापूरच्या थोडं पुढे. जिल्हा अमरावती, पण गावाच्या नैऋत्येचा नाला ओलांडला की अकोला जिल्हा लागतो. मी अमरावतीत शिकलो, दर्यापूरच्या शाळेत भूगोल शिकवतो आणि उरलेल्या वेळात वावर पाहतो. बायको, कुंदा, अकोल्याच्या जुन्या शहरातली. (नाला ओलांडून केलेली माझी ही एकमेव चूक, असं मी पंचवीस वर्षं म्हणतोय. म्हटलं की त्या दिवशी जेवण उशिरा मिळतं, पण मी शब्द मागे घेत नाही.) तिचा भाऊ विनायकराव. त्याचं अकोल्यात कूलरचं दुकान आहे आणि घरी तारेचं वेगवान इंटरनेट आहे. कूलर तो विकतो आणि इंटरनेटची फुकट जाहिरात करतो.

त्या वर्षी बोंडअळीने निम्मा कापूस खाल्ला आणि उरलेल्याला व्यापाऱ्याने असा भाव सांगितला की अळीच बरी वाटली. मी म्हणालो, नाही विकत. गावात बहुतेकांनी हेच म्हटलं. मग सगळ्यांनी जे केलं तेच मीही केलं. हॉलमधला सोफा अंगणात काढला आणि हॉल छतापर्यंत कापसाने भरला. झोपायची खोलीही भरली. आम्ही दोघं आणि पोरगी स्वयंपाकघरात राहायला गेलो. पाहुणे आले तर तेही तिथेच बसत आणि अंग खाजवत चहा पीत.

अशात आमच्या रेवतीला मुलाखतीचं पत्र आलं. पोरगी शेतकीची पदवी घेऊन, कापसाच्या किडींवर पुढचा अभ्यास करून घरी बसली होती. हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत बोंडअळीवर काम करायची जागा होती. मुलाखत ऑनलाइन, गुरुवारी सकाळी अकराला. आमच्या घरात फोनवर साधी चिठ्ठी जायलासुद्धा माणसाला विहिरीच्या काठावर उभं राहावं लागे.

विनायकरावचा लगेच फोन आला. "पाठवून द्या पोरीले इकडं. तुमच्या तिकडं नेट म्हंजे उन्हायातली मोर्णा. नदी हाय म्हनाचं, पानी नाई."

"माही पोरगी माह्याच घरातून मुलाखत देईन," मी म्हणालो आणि फोन ठेवला. फोन ठेवल्यावर कळलं की आता काहीतरी करावं लागेल.

दर्यापूरला रफिकभाईचं दुकान आहे. रेडिओपासून मोटारपंपापर्यंत सगळं दुरुस्त करतो. त्याने सिमकार्डवर चालणारा राऊटर दिला आणि छतावर लावायची, मासा साफ केल्यावर काटा उरावा तशी दिसणारी अँटेना दिली.

"मास्तर, डब्ब्यात दोन वायरा हायेत, दोन्ही लावजा. आन् अँटेना का मुँह टावर की तरफ रखना. टावर कुठी हाय ते आदी पायजा."

"मले दिशा शिकवतं काय रफिकभाई? भूगोल शिकवतो मी."

"त्याच्यानंच सांगून राहिलो," रफिकभाई म्हणाला.

डब्यातल्या वायरी होत्या आखूड. त्या छतावरून जेमतेम हॉलच्या खिडकीपर्यंत पोचल्या असत्या, आणि हॉलमध्ये तर कापूस. राऊटर मला स्वयंपाकघरात हवा होता. मी वेगळी लांबलचक वायर मागितली. रफिकभाई म्हणाला, इतकी लांब घेऊ नका, सिग्नल रस्त्यातच मरतो. मला वाटलं, दुकानदार लांब वायर विकायला नाही म्हणतोय, म्हणजे याच्याकडे शिल्लक कमी असेल. मी ती घेतलीच. डब्यातल्या दोन्ही नव्या वायरी मात्र स्वयंपाकघरात हलवलेल्या कपाटात जपून ठेवल्या. आमच्या घरात नवी वस्तू आधी जपून ठेवतात आणि जुनी मोडल्यावर ती सापडत नाही.

मग प्रश्न आला तोंडाचा.

"टॉवर त्या नाल्यापल्याड हाय," कुंदा छतावर येऊन म्हणाली. "डोयानं दिसते."

"तो अकोला जिल्ह्यात येतो."

"मंग?"

"मंग काय? आपला जिल्हा अमरावती. विभागाचं ठिकाण अमरावती. सिग्नल मोठ्या गावातूनच येत असते." एवढं बोलून मी अँटेनाचा बांबू पूर्वेला, अमरावतीकडे तोंड करून कठड्याला सुतळीने बांधला. खरं कारण सांगतो. विनायकरावच्या दिशेकडून माझ्या घरात काहीही यावं, हे मला मान्य नव्हतं. साखरपुड्याच्या वेळी त्या दिशेकडून आलेला एक कूलर अजून गळतो आहे.

राऊटरवर सिग्नलच्या सगळ्या काड्या लागल्या. मी शेजारीपाजारी बोलावून काड्या दाखवल्या. मग रेवतीने मुलाखतीचं पान उघडलं आणि पडद्यावर एक गोल फिरू लागला. आम्ही तिघं त्या गोलाकडे बघत बसलो. कुंदाने तेवढ्यात कणीक मळली, पोळ्या लाटल्या, भाजल्या. गोल फिरतच होता.

"काड्या तं पूर्ण हायेत," मी म्हणालो.

"बाबा, काड्या खाच्या हायेत काय?" रेवती म्हणाली.

बुधवारी संध्याकाळी सरावासाठी विनायकरावला व्हिडिओ कॉल लावला. तो पडद्यावर आला, त्याने तोंड उघडलं आणि तसाच थिजला. पूर्ण तीन मिनिटं आमच्या स्वयंपाकघरात विनायकरावच्या दाढा दिसत होत्या. मग नुसता आवाज आला, "...हिरीतून बोलून राहिले काय जवाईबापू? सकायी गाडी पाठवू काय?"

"काई गरज नाई," मी म्हणालो.

कुंदाने सुचवलं की पोरीला नाल्यापलीकडे टॉवरजवळ नेऊन बसवू. मी म्हणालो, माझी पोरगी नाल्यात बसून मुलाखत देणार नाही. यावर कुंदा काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा ती पुढचं सगळं ठरवून मोकळी झालेली असते, हे मला गेल्या पंचवीस वर्षांत अनेकदा उशिरा कळलं आहे.

गुरुवारी सकाळी उठून पाहतो, तर रेवती तयार होऊन, पिशवी खांद्याला लावून दारात उभी. अकोल्याची जीप साडेसातला फाट्यावरून सुटते.

"कुठी जाऊन राहिली?"

"मामाकडं." मग ती थांबली. तिने पिशवीचा पट्टा दोन्ही हातांनी धरला होता. "बाबा, मले ही जागा पाह्यजे. तुमची जिद्द मंग पाहू."

मला वाईट वाटलं. रागही आला, पण तो वाईट वाटल्यानंतर आला. मी म्हणालो, "अर्धा तास दे. फकस्त अर्धा तास." तिने माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली. पोरीचा बापावर असा विश्वास नसावा. अर्ध्या तासात मी राऊटर चार वेळा बंद-चालू केला, एकदा त्याला उन्हात ठेवला, एकदा सावलीत ठेवला, आणि जीप निघून गेली. पुढची जीप दहाची. ती अकोल्याला पोचेपर्यंत मुलाखत संपली असती.

इतका वेळ प्रश्न अमरावती-अकोल्याचा होता. आता तो रेवतीचा झाला होता आणि मीच तो केला होता.

कुंदा स्वयंपाकघरात आलेल्या वायरीची वेटोळी बघत उभी होती. "ही इतली वायर कायची?"

"जास्तीची हाय. असू दे. काय बिघडते?"

"वावरात पाईप लांबवत नेला तं शेवटच्या वाफ्याले पानी पोचते काय? गुयन्या येतात नुसत्या." ती कपाटाकडे गेली, साड्यांच्या खालून डब्यातल्या दोन आखूड वायरी काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. "रफिकभाईनं दोन लाव म्हनलं होतं नं? एका बैलानं वखर चालते काय?"

पंचवीस वर्षं भूगोल शिकवला, पण असं कोणी मला समजावून सांगितलं नव्हतं.

आखूड वायरी लावायच्या म्हणजे राऊटर हॉलच्या खिडकीत न्यायचा. आम्ही तिघांनी मिळून खिडकीपुढचा कापूस मागे रेटला आणि एक स्टूल मावेल एवढी गुहा केली. रेवती तिच्यात शिरून बसली. मागे, डावीकडे, उजवीकडे पांढरा कापूस. मधोमध इस्त्रीचा निळा कुर्ता घातलेली आमची पोरगी. गोल आता अधूनमधून थांबू लागला होता. पण पडद्यावर तिचा चेहरा अजून तुटत होता. अकराला पाच मिनिटं कमी होती.

मी छतावर गेलो. बांबूची सुतळी सोडली आणि रागाच्या भरात खाली अंगणात फेकून दिली. (ही फेकलेली सुतळी लक्षात ठेवा. मला नंतर ठेवावी लागली.) पूर्वेकडून नैऋत्येला जायचं तर दक्षिणेकडून जवळ पडतं, हे पाचवीतलं पोरगंही सांगेल. मी उत्तरेकडून निघालो. आधी परतवाड्याकडे तोंड केलं. म्हटलं, मेळघाटातल्या अस्वलांकडून सिग्नल आला तरी चालेल.

"आलं काय?" मी ओरडलो.

"नाई."

आणखी फिरवलं. वायव्य. "आता?"

"नाई, बाबा."

पश्चिम. थोडं थोडं येऊ लागलं. पुढे फक्त एकच दिशा उरली होती. मी डोळे मिटले आणि बांबू फिरवला.

खालून रेवतीचा आवाज आला. "आलं! बाबा, आता तिथंच ऱ्हा! हलू नोका!"

मी डोळे उघडले. समोर नाला, नाल्यापलीकडे टॉवर, आणि त्याच्याही पलीकडे कुठेतरी जुनं शहर. हात सोडला, तर वाऱ्याने बांबू वळू लागला. बांधावा म्हटलं, तर सुतळी अंगणात. कुंदाला हाक मारावी, तर खाली मुलाखत सुरू झालेली. मी दोन्ही तळव्यांमध्ये बांबू घट्ट धरला, छातीशी टेकवला आणि तसाच उभा राहिलो.

मार्चचं ऊन होतं. रस्त्याने जाणाऱ्या एकाने विचारलं, "मास्तर, काहून उभे?" मी मान हलवली. दुसऱ्याने सायकलवरून उतरून टोपी काढली. त्याला बहुधा वाटलं, काही नवस चालू आहे. घाम डोळ्यात जात होता आणि कापसाची खाज नेमकी पाठीच्या मध्यावर सुटली होती. खालून मला फक्त रेवतीचा आवाज ऐकू येत होता, शब्द नाहीत. आवाज आधी दबकत होता, मग सरळ झाला आणि मग एकदम भराभर बोलू लागला. तो तुटू नये म्हणून मी खाजवलं नाही. आयुष्यात मी केलेलं सगळ्यात अवघड काम ते.

नंतर कळलं ते असं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "मागे हे कसलं चित्र लावलं आहे?" रेवती म्हणाली, "चित्र नाही मॅडम, कापूस आहे. बाबा या भावात विकत नाहीत." मग त्यांनी बोंडअळी साठवलेल्या कापसात कशी टिकते ते विचारलं. रेवतीने पाठीमागे हात घातला, चाचपून एक बोंड काढलं, एकमेकींना चिकटलेल्या दोन सरक्या फोडल्या आणि आतली जिवंत गुलाबी अळी कॅमेऱ्यापुढे धरली. तिकडे मुलाखत घेणारी पाचही माणसं खुर्च्या पुढे ओढून बघायला लागली म्हणे. आदल्या दिवशीच्या नेटवर त्यांना अळीही विनायकरावच्या दाढांसारखीच थिजलेली दिसली असती.

पण हे मला छतावर कुठे माहीत. मी उभाच होतो. तेवढ्यात अंगणात एक गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून विनायकराव उतरला. नको म्हटलं तरी भाचीसाठी निघाला होता. रस्त्यात चाक बसलं, म्हणून उशीर झाला. त्याने वर पाहिलं. वर त्याच्या बहिणीचा नवरा भर उन्हात, अकोल्याकडे तोंड करून, छातीशी दोन्ही हात जोडून उभा होता.

विनायकराव हळूच म्हणाला, "जवाईबापू, हात कायले जोडता? मी येऊनच तं राहिलो होतो."

मी हात सोडू शकत नव्हतो. त्यानेच सुतळी उचलली, वर आला आणि बांबू पक्का बांधला. दुसऱ्या आठवड्यात येऊन सिमेंटमध्येही बसवून गेला, मला न विचारता.

रेवतीला जागा मिळाली. ती हैदराबादला गेली. मी हरलो, असं गावात काही लोक म्हणतात. अजिबात नाही. मी आजही जेवायला बसतो तो अमरावतीकडे तोंड करून. फक्त रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायच्या आधी एकदा छतावर जातो आणि बांबू अकोल्याकडेच आहे ना, ते हाताने चाचपून येतो.