चार बॅटऱ्या आणि एक ट्रंककॉल

मानवजातीच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी कोरावी अशी घटना आमच्या धरमपेठेतल्या ऑफिसात घडली. खंडेनवमीला आम्ही टेलिफोनच्या चार नव्या बॅटऱ्यांची पूजा केली.

त्या जोडायला आलेल्या मेकॅनिकचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पेचकस तलवारीसारखा उपसून तो गरजला, "काहून गा, प्लस-मायनस दोन्हीले कुंकू? नवरा कोन, नवरी कोन, वळखू कसा?"

दुपारी वीज जाणार होती. ती गेली की टेलिफोनचा बोर्ड मुका! आणि ऑपरेटरबाईंच्या बहिणीच्या बाळंतपणाचा ट्रंककॉल जबलपूरहून यायचा होता. बाई रडकुंडीला आल्या.

"घाबरू नका ताई, माह्या हातची लाइन मरत नाही!"

कुंकू पुसत त्याने एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला, अशा चौघी ओळीने जोडल्या. मधूनच मागे सरून, एक डोळा मिटून, चित्रकारासारखा न्याहाळायचा.

शेवटची तार आवळली आणि पंखे थांबले. वीज गेली! तेवढ्यात बोर्डावर घंटी खणखणली! बाईंनी झडप घातली, ऐकलं आणि ओरडल्या, "मुलगी झाली! दोघी सुखरूप!"

आम्ही टाळ्या पिटल्या. मेकॅनिक मात्र डोळे विस्फारून बॅटऱ्यांकडे बघत होता.

"अरे बाप्पा," तो किंचाळला, "हे तं खरंच चालू झालं गा!"