शून्यावर आणायची बॅटरी

लॅपटॉप घेतला तेव्हा तो कसा जपायचा, हे मला बेळगावच्या चुलतभावाने शिकवलं. हा आमच्या घराण्यातला ज्ञानी. कधीकाळी एका कॉम्प्युटर क्लासच्या दारात बसून पोरांची हजेरी मांडत होता. तेवढ्या भांडवलावर त्याने पुढे जन्मभर उपदेश केला.

"एकच नेम पाळ गा," तो म्हणाला. "पार शून्यावर येऊन बंद पडल्याशिवाय वायर लावायची न्हाई. आणि लावलीस की शंभर झालं तरी काढायची न्हाई. ऱ्हाऊ दे तशीच."

मी मान डोलावली. आमच्या गुंदसारख्या रानातल्या गावात, जिथे पावसाळ्यात तारेवर झाड पडलं की दोन-दोन दिवस करंट येत नाही, तिथे भरलेली बॅटरी मुद्दाम रिकामी करणं हा शुद्ध गाढवपणा आहे, हे शेतातल्या बुजगावण्यालाही कळलं असतं. मी पदवीधर असल्यामुळे मला कळलं नाही.

वर स्वतःची अक्कलही चालवली. ओल लागू नये म्हणून लॅपटॉप चुलीवरच्या माळ्यावर, आमसुलं आणि बियाण्यांच्या शेजारी ठेवू लागलो. बायको एकदाच म्हणाली, "अवो, तिथं हात लावून बघा, किती धग हाय ती." मी तिला बॅटरीचं शास्त्र समजावून सांगितलं. ते मलाही ठाऊक नव्हतं.

त्या दिवसांत मी एक काम अंगावर घेतलं होतं. नंदिगड्ड्याकडच्या रानात एक म्हातारे शेतकरी राहायचे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. रानातल्या कंदांची त्यांच्याएवढी माहिती दुसऱ्या कुणाला नव्हती. कुठला करांदा किती उकडायचा, कुठला राखेत पुरायचा, कुठला खाल्ला की घसा धरतो, सगळं त्यांच्या डोक्यात. ते लिहून पुस्तिका काढणार, असं मी चारचौघांत बोलून बसलो होतो.

श्रावणातल्या एका सकाळी मामा डोक्यावर कांबळं घेऊन, दोन तास चालत आमच्याकडे आले. लॅपटॉप अकरा टक्क्यांवर होता. करंट होता, वायर हाताशी होती. पण नेम म्हणजे नेम. मामा सांगत होते, मी टाइप करत होतो, आणि ते सुरणाच्या खाजेपर्यंत पोचले तोच पडदा काळा झाला. वायर लावायला उठलो, तर तेवढ्यात करंट गेला.

कोनाड्यात वही होती. खिशाला पेन होतं. आणि मी काळ्या पडद्याकडे बघत बसलो. मामा थोडा वेळ बोलत राहिले, मग थांबले.

"लिवतोस न्हवं?"

"करंट आला की लिहू, मामा."

"मला करंट लागत न्हाई बाबा," ते म्हणाले. चहा प्याले आणि पावसातून निघून गेले.

पावसाळा संपता संपता लॅपटॉपचं पोट फुगलं. कीबोर्ड मधोमध वर आला. रामनगरात एक बाई दुरुस्तीचं दुकान चालवते, तिच्याकडे नेला. तिने स्क्रू काढले, आतली बॅटरी बघितली आणि हात मागे घेतला.

"काका, हिला भाजली काय तुम्ही?"

मी नेम सांगितला. माळ्याचंही सांगितलं. ती हसली नाही, तेच जास्त लागलं.

"शून्यावर आणायचं ते जुन्या बॅटऱ्यांचं. हिला ते सोसत न्हाई. वीसच्या खाली जाऊ देऊ नका, ऐंशीच्या आसपास वायर काढा, धगीपासून लांब ठेवा. महिनाभर वापरायची नसली तर अर्धी भरून ठेवा. पाऊस-वारा दिसला, करंट जायची भीती असली, तर त्या दिवशी खुशाल शंभर करा. आणि ही फुगलेली इथंच सोडा, घरी नेऊ नका. पेट घेईल."

बेळगावला फोन करून हे सांगितलं. "तू नेम नीट पाळला नसशील," ज्ञानी म्हणाला. त्याचा स्वतःचा लॅपटॉप दोन वर्षं वायरीला बांधलेला आहे. वायर काढली की मरतो.

नवी बॅटरी बसली. तिचं चार्जिंग मी बायकोकडे सोपवलं, म्हणजे ते नीट होऊ लागलं. मामांकडे जायला मात्र तोंड नव्हतं. दिवाळीनंतर कळलं की त्यांना दिसेनासं झालंय आणि ते कॅसलरॉकला लेकीकडे राहायला गेलेत.

"लाज ठेवा घरात," बायको म्हणाली. "लॅपटॉप घ्या आणि जावा."

गेलो. त्या दिवशी तिथेही करंट नव्हता. मामा ओसरीवर बसले होते. मी हाक मारली, तसं त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"आलास व्हय? आज जीव हाय का तुझ्या पेटीत?"

"हाय, मामा."

ते दुपार कलेपर्यंत बोलले. मध्ये लेकीने भात वाढला, तेवढाच खंड. बॅटरीत चौतीस टक्के उरले होते, मामा मात्र दमले होते. दुसऱ्या दिवशी परत गेलो, तिसऱ्याही. या खेपेला पिशवीत वहीसुद्धा होती.

पुस्तिका छापून झाली. लेकीने ती मामांना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. मी समोर बसलो होतो, शाबासकीची वाट बघत. मामांनी सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, "निम्मं ऱ्हायलं की गा."