जाळी बदलायची नसते

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. मित्राला नाही, आईला नाही – आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या आण्णांना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं ते सोपं नाही.

आण्णा म्हणजे माझे वडील. बदनापूरला आमची पिठाची गिरणी आहे, मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. आण्णा चौथी शिकलेले, आई शाळेत गेलीच नाही. कॉलेजात गेलेला घरातला पहिला मी. औषधाची बाटली असो की कुणाच्या लग्नाची इंग्रजी पत्रिका – गल्लीतला कागद माझ्याकडे यायचा आणि मी सांगेन ते खरं. मला ते फार आवडायचं.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना घरात सीपॅप मशीन आलं. झोपेत आण्णांचा श्वास अडकायचा. डॉक्टर म्हणाले, झोपताना नाकावर मास्क लावायचा, मशीन नळीतून हवा ढकलत राहील. सोबत एक पुस्तिका होती, सगळी इंग्रजीत. आई, आण्णा, दळण घेऊन आलेल्या दोघी-तिघी बाया – सगळे माझ्याभोवती जमले. मी पुस्तिका उघडली, आणि – मला ती कळली नाही. शब्द वाचता येत होते, वाक्य हाती लागत नव्हतं. पानं मात्र मी मान हलवत, सावकाश उलटली.

आण्णांनी मशीनच्या मागची छोटी खिडकी दाखवली. आत स्पंजाचा तुकडा, त्यामागे पांढरा कागदी फिल्टर. "ही हवेची जाळी दिसती," ते म्हणाले. "गिरणीच्या दगडाला आपण पंधरा दिसाला टाकी मारतो, न्हाईतर दळतच न्हाई. मंग हिचं काय? कवा बदलायची?"

"बदलायची नसते," मी म्हणालो. "उघडायचीसुद्धा नाही. गॅरंटी जाते."

का म्हणालो? 'मला कळलं नाही' – तीनच शब्द होते.

आई मशीन रोज पुसायची, पण खिडकीला बोट लावायची नाही, कुणाला लावूही द्यायची नाही. दसऱ्याला गिरणीची, तराजूची पूजा झाली तशी मशीनचीही झाली, आणि हळद-कुंकू तिनं नेमकं त्या खिडकीवर लावलं. भिंतीपलीकडे दिवसभर पीठ उडायचं. मशीन तीच हवा आत ओढायचं.

काही महिन्यांनी आण्णा म्हणू लागले, "हवा येईना रे. पोत्यात तोंड घातल्यावानी होतं." मास्क काढून ठेवू लागले. मी त्यांना गिरणीत चारचौघांसमोर बोललो – तुम्हाला सवय करायचीच नाही, आण्णा. एक बाई म्हणाली, "नवी नवरी बी इतकी रुसत न्हाई हो, आण्णा!" सगळ्या हसल्या. आण्णाही हसले. मीही.

दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या वाचनालयात शब्दकोश घेऊन बसलो आणि ती पुस्तिका एकेक शब्द लावून वाचली. स्पंज आठवड्याला धुवायचा. कागदी फिल्टर महिन्याला बदलायचा – धूळ असेल तिथे त्याच्याही आधी. मी पुस्तिका मिटली. घरी आलो, जेवलो. उद्या सांगू म्हटलं. मग आठवडा गेला. मग दिवाळी. रोज सांगणं आदल्या दिवसापेक्षा अवघड होत होतं, आणि पलीकडच्या खोलीतून आण्णांचा तो अडकणारा श्वास ऐकू येत होता. मला तो ऐकू येत नव्हता असं मी म्हणू शकत नाही.

एका दुपारी आण्णा चालू गिरणीसमोर बसल्याबसल्या झोपले. वरचं धान्य संपलं, दगडावर दगड कोरडा घासत राहिला. जळका वास आला म्हणून आई धावली. पट्टा थांबवला तेव्हा वरच्या दगडाला तडा गेला होता. पिठानं पांढऱ्या झालेल्या तोंडानं आण्णा दगडाकडे बघत म्हणाले, "माझ्याच झोपंनं घात केला..." त्या दिवसापासून आई त्यांना गिरणीवर एकटं बसू देत नाही. तीस वर्षं गिरणी चालवलेला माणूस. मी दारात उभा होतो. तेव्हा तरी बोललो का? नाही.

दुसऱ्या दिवशी औरंगाबादला जाऊन फिल्टर आणले. घरात कुणी नसताना खिडकी उघडली. आतला फिल्टर काढला तर भाकरीच्या पापुद्र्यासारखा कडक झालेला – पीठ, धूळ, आणि कडेला कुंकू. मी तो लांब उकिरड्यावर टाकला. नवा बसवला.

दगडाच्या धास्तीनं आण्णांनी त्या रात्री मास्क काढला नाही. सकाळी ताजे उठले. आईला म्हणाले, "पोरगं म्हणत होतं तेच बराबर. सवयच लागावी लागती." मी मान हलवली.

आता मी एम.ए. करतो. फिल्टरचं पाकीट माझ्या पुस्तकांमागे असतं. आई-आण्णा दोघंही गिरणीत असले की बदलतो, चोरासारखा. इथवर मी कसंबसं स्वतःलाही सांगितलं होतं. खरं सांगायचं ते पुढेच आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या एका गिऱ्हाइकाचे व्याही आष्टीहून आले. जाड, थकलेला माणूस, बोलता बोलता डोळे मिटायचे. त्यांना तसंच मशीन मिळालं होतं. आण्णांनी आमचं मशीन काढून दाखवलं. पाहुण्यांनी विचारलं, "ह्याची जाळी कवा बदलता, आण्णा?"

"बिलकुल हात लावायचा न्हाई," आण्णा म्हणाले. "आमच्या पोरानं इंग्रजी वाचून सांगितलंय." आणि अभिमानानं माझ्याकडे बघितलं.

पाहुण्यांनीही बघितलं. "बराबर ना, सर?"

मी हो म्हणालो.

मला कुणी पहिल्यांदाच सर म्हटलं होतं. चहा झाला. मी त्यांना स्टँडवर सोडायलाही गेलो, वाटेत पाऊसपाण्याचं बोललो. ते एसटीत बसले. बस निघेपर्यंत मी खिडकीखाली उभा होतो.

आष्टीला रोज एसटी जाते. मी गेलो नाही.